सासुरवाडीचा खडक

नकाशावर खोट्या जागी बोट टेकवलं, तर तांडेलाच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. स्वतःचा मासेमारीचा खडक शाबूत राहणार होता, आणि व्याह्यांचा बंद होणार होता. खऱ्या जागी टेकवलं, तर नुसतं पुण्य. तांडेल पुण्याच्या भानगडीत सहसा पडत नसे.

झालं असं, की मासे अंडी कुठे घालतात ते मच्छीमारांनाच विचारायचं आणि विणीचे दोन महिने तिथली मासेमारी बंद ठेवायची, असं मत्स्यखात्याने ठरवलं. विचारायला एक संशोधक बाई आल्या. सोसायटीच्या ऑफिसात त्यांनी समुद्राचा नकाशा पसरला आणि एकेका होडीवाल्याला बोलावलं. टेबलाशेजारीच वायरलेस होता. समुद्रावरच्या होड्यांची बडबड त्यातून दिवसभर गळत असे.

"काका, तांबोशी अंडी घालायला कुठे जमते?"

तांडेलाने डोकं खाजवलं, डोळे बारीक केले, आणि बरोब्बर व्याह्यांच्या खडकावर बोट ठेवलं. "हे इथे. अगदी लेकुरवाळी जागा बघा. मी तर म्हणतो, दोन कशाला, चार महिने बंद ठेवा."

बाईंनी तिथे पेन्सिलीने गोल काढला.

तांडेलाची मुलगी व्याह्यांच्या घरची सून. पण नातं नात्याच्या जागी आणि खडक खडकाच्या जागी. व्याहीही कच्चे नव्हते. आदल्याच दिवशी येऊन ते जिथे खेकडाही मुक्काम करणार नाही अशा गाळावर बोट ठेवून गेले होते.

समुद्रावर कुणाला कुठे निघालात म्हणून विचारू नये, आणि विचारलंच तर खऱ्या उत्तराची आशा धरू नये. तांडेल आपल्या खडकाकडे निघाला की वायरलेसवर सांगे, "सासुरवाडीला चाललोय." व्याही सांगत, "दवाखान्यात." होड्यांवर सगळे समजून असत. समजलं नव्हतं ते दोघींना. एक म्हणजे घरी सेट लावून बसणारी व्याह्यांची सून. सासऱ्यांना काहीतरी मोठं दुखणं आहे, अशी धास्ती घेऊन तिने त्यांचं मीठ बंद केलं होतं. तिला खरं सांगावं, तर ती पडली तांडेलाची मुलगी. खडकाची बातमी माहेरी पोहोचायला कितीसा वेळ? व्याही मुकाट्याने अळणी गिळत होते.

दुसऱ्या म्हणजे संशोधक बाई. त्या सकाळी बाजारात माशांची पोटं तपासत. व्याह्यांच्या तांबोशीच्या पोटात काही नसे. तांडेल 'सासुरवाडी'हून आला की त्याच्या तांबोशीतून मात्र नुसतं दाबलं तरी अंड्यांची गाबोळी ओघळे. बाईंनी नकाशावर सासुरवाडी शोधली. सापडेना, तेव्हा मासळी कापत बसलेल्या तांडेलाच्या बायकोलाच विचारलं.

"काकू, तुमचं माहेर किनाऱ्यावर नेमकं कुठे?"

"किनाऱ्यावर कुठलं? डोंगरापलीकडे. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं."

"मग काका आठवड्यातून दोनदा होडीने सासुरवाडीला कसे जातात?"

काकूंचा कोयता माशात अर्ध्यावर थांबला. बाई खरंच भोळ्या होत्या की बेरकी, यावर बंदरात अजून दोन तट आहेत.

ऑफिसात तांडेल आणि व्याही समोरासमोर चहा पीत बसले होते. काकू आल्या त्या कोयत्यासकट. मागोमाग बाई.

"अहो, माझ्या भावाचा उंबरा किती वर्षं झाली, शिवला नाहीत. आणि आठवड्यातून दोनदा सासुरवाडी? कुठली ही नवी?"

"विहीणबाई, मीही ऐकतो हो वायरलेसवर," व्याही बशी ओठाला लावत म्हणाले. "फार ओढ आहे त्यांना तिकडची."

"अगं, ती आपली बोलायची पद्धत."

"कुणाशी बोलायची?"

"कुणाशी नाही गं. एक जागा आहे..."

"जागासुद्धा घेऊन दिलीत?"

बाईंनी नकाशा तांडेलाकडे फिरवला. तांडेलाने एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा कोयत्याकडे. खडक वाचवावा तर घर बुडत होतं. त्याने बोट टेकवलं.

"ही. ही माझी सासुरवाडी. खडक आहे, पाण्याखालचा."

"खडकासाठी एवढं खोटं?"

मग तांडेलाला सगळंच सांगावं लागलं. भरतीचं पाणी थबकलं की तांबोशी खडकावरून झुंडीने वर कशी उठते, पाण्यावर तेलकट साय कशी धरते, ती दिसली की जाळं कुठल्या अंगाने सोडायचं, वारा उलटा असला तर सगळं एक दिवस पुढे कसं जातं. सुरुवात भीतीने झाली, पण मध्येच त्याला रंग चढला. चहा गार झाला तरी तो थांबेना. बाई भराभर लिहीत होत्या.

"बास," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला माणूस पाण्यावर इतकं बोलत नाही."

व्याह्यांना हसताना ठसका लागला. काकू वळल्या. "तुम्ही हसा. तुमचा दवाखानाही असलाच असणार. माझी लेक तिकडे काळजीने अर्धी झाली."

व्याह्यांनी खडक एका पारड्यात घातला आणि मीठ दुसऱ्यात. "असलाच," ते शेवटी म्हणाले.

"अस्सं? कुठे बरं?" तांडेलाने साळसूदपणे विचारलं.

"तो पेन्सिलीचा गोल आहे ना, तिथे. तुम्हाला तो कसा सापडला, हे मात्र आता तुम्ही सांगा."

तांडेलाने गार चहा घाईने संपवला. बाईंनी गोल खोडला आणि सासुरवाडीवर नवा काढला.

विणीला खडक बंद झाला, तशी काकूंनी माहेरी जायला पिशवी भरली. आता तांडेलाला नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

तर मासळीला दोन महिने मिळाले, बाईंना खरी जागा, व्याह्यांना खडकही आणि मीठही. काकूंना माहेर मिळालं, तेही नवऱ्यासकट. किंमत मोजली ती एकट्या तांडेलाने. तो डोंगरापलीकडे मेव्हण्यांच्या विहिरीतला गाळ उपसतो आहे, आणि तिथे वायरलेस लागत नाही.