उकळता पेला

नवऱ्याची खुर्ची गेली त्याला महिना होत आला. हिशेबखात्यात उमेदीची वर्षं घालवली आणि एका सकाळी मोबाइलवर कळलं, उद्यापासून येऊ नका. रडारड झाली नाही. तो रोज शर्टाला इस्त्री करतो, घालतो आणि सोफ्यावर बसतो.

सासूबाईंनी मात्र लगेच टोपी फिरवली. इतकी वर्षं त्यांच्या हिशेबात थोरला जमेला आणि धाकटा खर्चाला. पाहुण्यांना सांगायच्या, "थोरला ऑफिसात. धाकटा... वायरी ओढतो." आता वायरी ओढणारा कुलदीपक झाला.

रविवारी दीर स्वयंपाकघरातलं बटण बदलायला आला. सासूबाई सुरू झाल्या.

"कंपनीनं खुर्ची काढून घेतली. याचे हात कोण काढून घेणार? कमाईही थोरल्याच्या वर."

"आई, पुरे."

दिराच्या बोटांतून स्क्रू पडला. उचलला, पुन्हा पडला.

"हल्ली स्क्रू घसरट येतात, वहिनी."

"हो का? पूर्वी तुमच्यासारखे चिकट यायचे वाटतं."

तो हसला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा उचलायलाही वाकला नाही.

मी चहा आणला. स्टीलचा पेला मी फडक्यात धरला होता. त्यानं तो उघड्या बोटांनी घेतला आणि तसाच धरून बसला. फुंकर नाही, हातपालट नाही.

"दादा, उद्यापासून माझ्याबरोबर चल. कामं आवरत नाहीत," त्यानं बाहेर सोफ्याकडे बघून म्हटलं.

"दया नको, धाकट्या. मला त्यातलं काय येतं?"

"येण्याचं मी बघतो. तू फक्त..." पुढचं त्यानं गिळलं.

मी दिराच्या हातातून पेला काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळला. तोवर माझी बोटं लाल.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"वर्ष झालं. भिंती फोडायचं मशीन धरून धरून नसा गेल्या. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाहीत. आईला सांगू नका."

मी सोफ्यापाशी गेले आणि फडकं काढून पेला नवऱ्याच्या हातात दिला.

"अगं आई गं!" पेला आडवा, इस्त्रीच्या शर्टावर चहा. महिन्याभरात त्याचा एवढा आवाज निघाला नव्हता.

"यांचे हात चालतील, भावजी," मी म्हणाले.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "धाकट्यानं हूं की चूं केलं नाही. याला साधा पेला धरवत नाही."

नवरा एकदा माझ्या लाल बोटांकडे, एकदा भावाच्या बोटांकडे बघत राहिला. मग उठला, ओल्या शर्टानं स्वयंपाकघरात गेला, आणि वाकून स्क्रू शोधू लागला.