पेन्सिलीतले पंचावन्न

मॅडमच्या कॉलेजात कॉम्प्युटर फार सुखात होते. अंगावर फुलाफुलांची कव्हरं, खोलीबाहेर चपला काढायचा नियम, दाराला कुलूप आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. "पोरं हात लावतात आणि मशीन बिघडतं," असं ते म्हणत. तपासणीला पाहुणे आले की कव्हरं निघत. एकही मशीन बिघडलेलं नाही, म्हणून पाहुणे खूश.

पोरं प्रोग्रॅम जर्नलमध्ये लिहायची. उजव्या पानावर प्रोग्रॅम, डाव्या पानावर पट्टीने चौकट आखून पेन्सिलीने आउटपुट. एक ते दहाची बेरीज, चौकटीत पंचावन्न. मॅडम समास बघून सही करायच्या. त्याही इथेच, अशाच शिकल्या होत्या.

यंदा पहिला नंबर त्यांच्याच लेकीचा आला. त्या सकाळी मॅडम जर्नलं तपासत होत्या आणि लेक पहिल्या मुलाखतीला निघाली होती.

"आई, जर्नल नेऊ?"

"ने की. तुझं अक्षर बघूनच घेतील."

संध्याकाळी लेक आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"काय विचारलं गं?"

"बेरीज. एक ते दहाची."

"अगं मग काय, हातचा मळ."

"एका बोटाने टाइप केलं. अर्धा तास लागला. मशीन नुसतंच फिरत राहिलं, उत्तर काही येईना. मी त्यांना म्हटलं, पंचावन्न येतं, नेहमी येतं, थोडं थांबू या." लेक जर्नलच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. "थांबले गं बिचारे. चहा पण दिला. हसले असते तर बरं झालं असतं."

"तुझं काहीतरी चुकलं असेल."

"एक अक्षर नाही चुकलं, आई. तू सांगितलंस तस्संच लिहिलं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी किल्ली मागून घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो प्रोग्रॅम मशीनवर लिहिला. मशीन फिरत राहिलं. तेव्हा त्यांनी पिशवीतून, त्यांना शिकवणाऱ्या बाईंचं पिवळं पडलेलं जर्नल काढलं. पान उलटल्यावर पहिलीच ओळ होती, आकडा एकाने पुढे सरकवायची. उतरवून घेताना पान उलटलं आणि ती ओळ त्यांच्या हातून सुटली. त्यानंतर बावीस वर्षं, बावीस वर्ग, सगळ्यांचा आकडा एकावरच अडकलेला आणि सगळ्यांच्या चौकटीत सुबक पंचावन्न. खाली त्यांची सही.

प्राचार्य दारात आले. "मॅडम, कव्हर घाला बघू, धूळ बसते. उद्या तपासणी आहे. जर्नलवर सह्या झाल्या?"

"नाही झाल्या. करणारही नाही."

"अहो, पोरांचं वर्ष जाईल."

"माझ्या पोरीचं गेलं सर, सही असून," मॅडम म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकून त्यांनी वर्गाला हाक मारली. "या सगळे. चपला राहू देत. मलाही हे येत नाही, हे आधी ऐकून घ्या. मग बसा."

"मॅडम, आउटपुट काय काढायचं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने पेन्सिल काढत विचारलं.

"काढायचं नाही. येईल ते बघायचं."

घरी आल्या तेव्हा लेक जर्नल मांडीवर घेऊन खोडरबराने चौकटीतलं पंचावन्न खोडत होती. कागद पार विरला होता.

"ये, सुटलेली ओळ सांगते तुला."

लेकीने खोडरबराचा चुरा हळूच फुंकला.

"आता नको, आई."