बाईंचा मुराळी

पोलादपूरला दवाखाना चालवणारे स्कॉटलंडचे मिशनरी डॉक्टरसाहेब आणि त्यांच्या बाई यांच्याकडे इतक्या वर्षांत माहेरचं-सासरचं चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. त्यामुळे ऐन दिवाळीच्या तोंडावर महाडच्या एस.टी.तून बाईंचा सख्खा भाऊ उतरला, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली ती त्यांची स्वयंपाकीण ठकूबाई. भाऊबीजेला भाऊ आला म्हणजे बहिणीला चार दिवस माहेरी न्यायलाच आला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाईंचा मुराळी आलाय, असं तिनं पाणवठ्यावर जाहीर करून टाकलं.

पाहुणा म्हणून हा डंकन अगदीच कुचकामी निघाला. त्याला पाटावर बसता येईना. नाचणीची भाकरी पुढ्यात आली की तो खालून-वरून न्याहाळायचा आणि हळूच बाजूला सारायचा. मग पोट बिघडून आडवा झाला, आणि बाई शरमून अर्ध्या झाल्या. ठकूबाईनं त्याला पेज पाजून उभा केला.

"भाव कसा का असंना, आला हे काय थोडं हाय?" ती म्हणाली.

तिचा स्वतःचा भाऊ भागोजी मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. दर दिवाळीला ती माहेरच्या, शिवथरच्या वाटेकडे डोळे लावून बसायची आणि शेजारणींचे मुराळी मोजायची.

पण डंकन बहिणीला चार दिवसांसाठी नव्हे, कायमची न्यायला आला होता. गेल्या पावसाळ्यात बाईंचं वर्षाचं पोर तापानं गेलं. दवाखान्यामागं करंजाखाली त्याला पुरलं, आणि तेव्हापासून बाईंचं हसणंच बंद झालं. साहेबांनी निर्णय बाईंवर सोडला होता. त्या गेल्या तर इथलं आवरून तेही मागोमाग जाणार होते. हे सगळं बोलणं ठकूबाईच्या समोर व्हायचं, पण इंग्रजीत. ती बिचारी भाकऱ्या थापत राहायची.

एक दिवस बाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"ठकूबाई, मी गेले तर तुम्हाला चालेल?"

"चालंल का म्हंजे? भाव दारात आलाय आनि तुमी इचारताय? खुशाल जा."

"आणि बाळ? तो इथे एकटा राहील."

"मी हाय ना. रोज दिवा लावीन त्याच्यापाशी."

बाई चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं सारत राहिल्या. ठकूबाईला वाटलं, माहेरच्या आठवणीनं जीव भरून आला असेल. खरं तर बाईंनी जाऊ नये असं तिलाही वाटत होतं. पण माहेरी निघालेलीला जाऊ नको म्हणणं हा त्या मुलखात अपशकुन, आणि तिच्यापुढं डोळ्यांतून पाणी काढणं त्याहून वाईट. ठकूबाईनं रडू गिळलं.

निघायच्या दिवशी तिनं पाच सवाष्णी गोळा केल्या. येसूबाईनं नवे तांदूळ आणले, बयाबाईनं नारळ आणि खण. मिशनच्या बाईला कुंकू चालेल की नाही, म्हणून त्या घुटमळल्या, तर बाईंनी स्वतःच कपाळ पुढं केलं. ओटी भरताना बाई एकेकीच्या तोंडाकडं काहीतरी शोधल्यासारखं बघत होत्या. सगळ्या हसत होत्या. लवकर या, असंही कुणी म्हणालं नाही. माहेरी गेलेली बाई परत येतेच, त्यात सांगायचं काय?

एस.टी. सुटली. धूळ खाली बसेपर्यंत ठकूबाई उभी होती, आणि मग तिथंच बसून मनसोक्त रडली.

पौषात साहेबांनी पेट्या भरायला काढल्या. बाईंच्या खोलीतलं सारवण नुकतंच आटपून, शेणाचे हात तसेच घेऊन ठकूबाई दारात आली.

"बाई कदी येनार, सायेब?"

साहेबांनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. "ती येणार नाही, ठकूबाई. ती मला म्हणाली होती, एकीनं जरी राहा म्हटलं, तरी मी राहीन. कुणीच म्हटलं नाही. तिला वाटलं, आपण इथे कुणाला नकोच होतो."

ठकूबाई शेणाच्या हातांनी तशीच दोन पावलं आत आली.

"माहेरी निघालेलीला रहा म्हनायचं नसतं, सायेब. कुनीच नाय म्हनत."

"हे तिला ठाऊक नव्हतं," साहेब म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या वतीनं तिला काही कळवू का?"

ठकूबाईच्या ओठांवर आलं होतं, ये म्हनावं. पण माहेरी असलेल्या बाईला बोलावणं धाडायचं ते सासरच्या माणसांनी. ठकूबाई तिची कुणीच लागत नव्हती. ती नाही म्हणाली.