नाकाला लावलेली वहाण

मी माणिकरावांची वहाण, डाव्या पायाची. जन्म पायासाठी, पण नाव झालं ते नाकामुळे.

ताडकळसच्या बाजारातून झरीला आले तेव्हा मी करकर वाजायचे. माणिकराव मला एरंडेल चोळायचे. पाराखाली चार माणसांत मला ऐटीत काढून ठेवायचे. काय दिवस होते ते!

मग त्यांच्या नातीला, भक्तीला, फेफरं येऊ लागलं. पोर कोसळली की आजी, दैवशालाबाई, ओरडायच्या, "वहाण आणा! नाकाला लावा!" सगळं घर माझ्यामागं धावायचं. थोड्या वेळानं पोर आपसूक शुद्धीवर यायची आणि मान मला मिळायचा. शेजारीसुद्धा मला मागून न्यायचे.

भक्तीची शाळा मात्र सुटली. "चारचौघांत पडली तर उद्या कोण करील हिला?" माणिकराव म्हणायचे.

थोरली नात पंकजा परभणीला कॉलेजात. ती उसळली, "आबा, पोर घरात कोंडून झटके थांबतेत का?" तिनं माणिकरावांना आणि भक्तीला मेंदूच्या डॉक्टरांकडे ओढतच नेलं. माणिकरावांच्या पायात मी होतेच.

डॉक्टरांनी विचारलं, "झटका कुठून सुरू होतो? हात, की चेहरा?"

माणिकराव पंकजाकडं बघू लागले. झटक्याच्या वेळी पोरीकडं कुणी बघतच नसायचं, सगळे मला शोधत असायचे.

"आधी जळका वास येतो मला," भक्ती पुटपुटली.

"वहाणेचा आसंल," माणिकराव म्हणाले.

"आबा, वहाण मागून येती! तुमी ऐका की जरा!" पंकजा म्हणाली.

"याला ऑरा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "झटक्याची चाहूल. आता झटका आला की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि नीट बघा." त्यांनी गोळ्याही लिहून दिल्या.

पुढचा झटका अंगणात आला. दैवशालाबाईंनी मला उचललं.

"ठिव ती खाली," माणिकराव म्हणाले. "बघू दे मला."

नातीला कुशीवर वळवून ते मातीतच बसले. आधी डाव्या हाताचा अंगठा उडायला लागला, मग अख्खा हात, मग ओठाचा कोपरा. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी सांगितलेलं ऐकून डॉक्टरांनी 'फोकल', म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून उठणारा झटका, हे नाव दिलं, गोळ्या बदलल्या.

आता मी झिजले आहे, अंगठा तुटायला आलाय. घरात माझ्या नावाची हाक येत नाही. कधी कधी ती धावपळ आठवते, करमत नाही. तरी सांगते, कुणी असं पडलं तर मला शोधत बसू नका. त्याच्याजवळ बसा.

परवा मी शाळेच्या दाराबाहेर होते. आतून माणिकरावांचा आवाज आला, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असा, "बाई, माझ्या नातीला मेंदूचे झटके येतेत. जळका वास येतोय म्हणली की कुशीवर निजवा. लपवायसारखं काही न्हाई त्यात."

मग बाक सरकल्याचा आवाज आला. भक्ती बसली होती.