टायरॅनोसॉरसच्या तोंडात बैलाचे दात

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक डोकं समोर आणा. दीड मीटर लांब. तुमच्यातले कितीतरी जण त्यापेक्षा बुटके निघतील. त्यातला एकेक दात मुळासकट मोठ्या केळ्याएवढा. दिसलं? आता उघडा डोळे, कारण मांडवगण फराटा गावातल्या समृद्धीला डोळे मिटून बसायला वेळ नव्हता.

सकाळचे सात वाजले होते. साडेसातला शाळेचा टेम्पो शिरूरला निघणार होता, विज्ञान प्रदर्शनाला. तिचा शाडूचा टायरॅनोसॉरस अंगणात फळीवर उभा होता. दणकट मागचे पाय, बोटभर पुढचे हात. ते तिनं केले होते. डोकं रोहिदासमामांनी, रोज दिवेलागणीला बसून, आठ दिवसांत. तिनं डोक्यावरचं ओलं फडकं आत्ताच काढलं आणि जबड्यात पहिल्यांदाच वाकून पाहिलं.

वरच्या जबड्याला पुढं एकही दात नव्हता. मागं चपट्या दाढांची रांग.

मामा बैलांचे जाणकार. बाजारात बैलाचा ओठ उचलून ते वय सांगत. बैलाला वरचे पुढचे दात नसतातच. मामांच्या हाताला तेच तोंड ठाऊक.

ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. परीक्षक पहिलं विचारणार, हा खातो कसा. या तोंडानं तो कडबाच खाईल. सांगावं तर मामा दुखावणार, न सांगावं तर सगळ्यांपुढं हसं.

मामा चहाचा कप घेऊन आले. "काय गं, पायाला मुंग्या डसल्यात व्हय?"

"मामा, ह्यो रवंथ करत न्हाई."

"मग काय, तसाच गिळतो?"

"तसाच."

मग तिनं एका दमात सांगून टाकलं. दात खोल रुतवायचे, मान झटकून लचका तोडायचा, हाडासकट गिळायचा. चघळत बसायचं नाही, म्हणून दाढा नाहीतच. सगळे दात टोकदार, कडांना करवतीसारखे बारीक दाते. आणि एक पडला की त्याच जागी नवा, जन्मभर.

मामांचा कप ओठाशीच थांबला. "जन्मभर नवा? मग ह्याचं वय कसं वळखायचं?"

"हाडं कापून. आत झाडासारखी वलयं असत्यात, ती मोजायची."

कप पायरीवर ठेवून मामांनी एका दाढेवरून अंगठा फिरवला. "तीन दिस घासल्यात ह्या," ते हळूच म्हणाले.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. समृद्धीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. बोटं फळीजवळच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवली, पहिली दाढ उपटली आणि ती ओली माती मामांच्या तळहातावर ठेवली.

"ह्याचाच टोकदार दात वळा, मग बाकीच्यांचे. पुढंबी लावा. मी टेम्पो थांबवते," म्हणाली आणि पळत सुटली.