कागदावरची टेकडी

शाळाजमीन कार्यालयात पाहणी गाडीतून व्हायची. जीप वळणावर थांबायची, पाहणीवाल्या बाई काच खाली करायच्या, भाडेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीतून चहा यायचा आणि कप रिकामा होईपर्यंत तक्ता भरलेला असायचा. तक्त्यात सोळा रकाने, आणि सोळाही रकान्यांत एकच शब्द: मागीलप्रमाणे. बाईंच्या आधीच्या माणसाने तेच लिहिलं, त्याच्या आधीच्याने तेच. बाईंनी अकरा वर्षं तेच लिहिलं.

जमीन सरकारची. कधीकाळी कुणीतरी डोकं ठिकाणावर असताना कायदा केला होता: दर टापूत एक जमीन शाळेसाठी राखायची, विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची आणि त्या भाड्यावर तिथली शाळा चालवायची. कायद्यात खोट नव्हती. राखणारे भलते निघाले.

या टापूतली जमीन म्हणजे एक टेकडी; तिच्या भाडेकऱ्याला कार्यालयात सगळे गुराखीशेठ म्हणायचे. कागदावर त्याने जमीन गुरं चारायला घेतली होती, आणि त्याच्या दारात शेळीचं करडूसुद्धा नव्हतं. तीस वर्षांचा पट्टा संपत आला होता. आणखी तीस वर्षांसाठी, चराईच्याच दराने, त्याचा अर्ज तयार होता. गुरुवारी सुनावणी. बाईंचा तक्ता जोडला की झालं.

रविवारी सकाळी बाईंची धाकटी बहीण घरी आली. ती त्याच टापूतल्या शाळेत शिकवायची. आल्या आल्या तिने एक पत्र टेबलावर आपटलं.

"आठवी ते दहावी बंद. जमिनीच्या भाड्यात तीन वर्गांचा खर्च भागत नाही म्हणे. तुझ्याच कार्यालयाचा शिक्का आहे, ताई. ओळखतेस ना?"

"मग मुलं कुठे जाणार?"

"शहरात. सोळा किलोमीटर. ज्यांना पाठवतील ती जातील. मुलींचं काय होईल ते मी तुला सांगायला नको." धाकटी पाणी प्यायली. "तुमची टेकडी बघितलीस का एवढ्यात?"

"दरवर्षी बघते."

"कुठून?"

बाईंनी पत्राची घडी घातली.

"आमच्या वर्गात फळा पुसला की आणखी पांढरा होतो. ती धूळ खडूची नाही. ती तुझी टेकडी आहे. रोज सकाळपासून पोरं ती नाकाने आत ओढतात. शाळेच्या वाट्याला टेकडीतलं आलंय ते एवढंच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी? तुला चहा गरम लागतो, बाकी काही लागत नाही."

सोमवारी जीप वळणावर थांबली तेव्हा बाई दार उघडून उतरल्या. ड्रायव्हर गोंधळला.

"बाई, चहा येतोय."

"तो नंतर. मोजायची फीत घे आणि माझ्या मागे ये."

रस्त्याकडेला मातीचा उंच बांध होता, त्यावर झाडांची एक रांग. गाडीतून ती झाडी दिसायची आणि तिच्यामागे टेकडी असणार, असं धरून चालायचं. बाई बांधावर चढल्या आणि थांबल्या. पलीकडे टेकडी नव्हती. टेकडीच्या जागी खड्डा होता, इतका मोठा की पलीकडच्या काठावरचा माणूस काडीएवढा दिसत होता. आत दगड फोडणारी दोन यंत्रं धडधडत होती. तळाशी हिरवं पाणी साचलं होतं. जुन्या नोंदीत बेचाळीस झाडं होती. बाईंनी मोजली, बांधावरची धरून सात भरली.

गुराखीशेठ लगबगीने आला. "मॅडम, निरोप धाडला असता तर गाडी आत घेतली असती. उन्हात कशाला?"

"गुरं कुठे आहेत, शेठ?"

"ही काय, चरतायत." त्याने डंपरांकडे हात केला. "पिवळी जात. गवताला तोंड लावत नाही."

"आणि टेकडी?"

"कागदावर आहे ना? मग काळजी कसली? कागदावरच्या टेकडीला सुरुंग लागत नाही." तो जवळ आला. "आणि ती तुम्हीच सांभाळलीत, मॅडम. मी उपकार विसरणारा माणूस नाही."

बाईंची कानशिलं तापली. राग त्याच्यावर नव्हता. चोर चोरी करतो, त्याचा तो धंदाच. राखणदाराने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, आणि ते कातडं बाईंचं स्वतःचं होतं. त्यांनी फितीचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात कोंबलं. दोन दिवस दोघांनी काठाकाठाने लांबी-रुंदी मोजली.

बुधवारी साहेबांनी मोजणीचे कागद वाचले आणि दार लावून घेतलं.

"वेडबीड लागलंय का तुम्हाला? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. आधीचे अकरा तक्ते खोटे ठरले तर घरी जाल, वर पेन्शनची बोंब."

"माहीत आहे."

"मग माझं ऐका. लिहा, खोदकाम यंदा सुरू झाल्याचं आढळलं. त्याला दंड होईल, पुढचा पट्टा खाणीच्या दराने होईल, शाळेला भाडं जास्त मिळेल. तुमच्या बहिणीचे वर्ग वाचतील. आणखी काय पाहिजे?"

क्षणभर बाईंना ते पटलं. इतकं पटलं की पेन हातात आलं. मग खड्ड्याचा तळ आठवला.

"साहेब, तिथला दगड संपलाय. फार तर दोन वर्षांचा उरला असेल. त्यानंतर शेठ हात झटकून निघून जाईल. खड्ड्याला भाडं कोण देणार? शाळेचे पैसे पुढे नाहीत, मागे आहेत. गेला तो दगड शाळेचा होता."

"आणि मागचं काढलंत तर पहिल्या तुम्ही सापडाल."

"सापडू दे."

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत समितीच्या अध्यक्षांनी तक्ता मागितला. बाई उभ्या राहिल्या.

"यंदाचा तक्ता मोजून भरलाय. याआधीचे अकरा खोटे आहेत. जमीन न बघता भरले. सह्या माझ्या."

गुराखीशेठचा वकील लगेच उठला. "बाई स्वतःच म्हणतात की त्या अकरा वर्षं खोटं लिहीत होत्या. मग आजचंच खरं कशावरून?"

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी वकिलाकडे पाहिलं. माणूस बोलला होता ते बरोबर बोलला होता.

"कशावरूनही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. या कार्यालयातल्या कुणाच्याच कागदावर ठेवू नका, तुमच्यासमोर आहेत त्या सगळ्यांवर इथल्याच सह्या आहेत. चला, बघा. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. टेकडी दिसली तर मला तिथूनच घरी पाठवा."

वकिलाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण अध्यक्ष खुर्ची मागे सारून उठले होते.

बांधावर चढून अध्यक्षांनी खड्डा या काठापासून त्या काठापर्यंत पाहिला. मग त्यांनी विचारलं, "दरवर्षी इथपर्यंत आला असतात, तर?"

"दिसलं असतं."

"तुमच्यावर कारवाई होणार, बाई."

"व्हायलाच पाहिजे. पण आधी पट्ट्याचं बघा."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून अध्यक्षांनी दोन आदेश लिहिले. पहिला: पट्टा नामंजूर, गेलेल्या दगडाची किंमत भाडेकऱ्याकडून वसूल करावी, वसुली होईपर्यंत शाळेचा एकही वर्ग बंद करू नये. दुसरा बाईंच्या निलंबनाचा. बाईंनी पहिला दोनदा वाचला. दुसऱ्याची पोच म्हणून सही केली आणि तारखेवर बोट ठेवलं.

"हा उद्यापासून लागू आहे. आज मी कामावर आहे." त्यांनी फितीचं टोक अध्यक्षांपुढे धरलं. "किती दगड गेला ते काढायला खड्ड्याची खोली लागेल. ती मोजायची राहिलीय. आमचा ड्रायव्हर खाली उतरायला घाबरतो. तुम्ही काठावर हे घट्ट धरा."

आणि त्या खड्ड्यात उतरू लागल्या.