बोर्डावरचं नाव

वत्सला गांगुर्डे यांना अध्यक्ष होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता! नाशिकच्या अंबडमधल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्या डिस्पॅच क्लार्क. दर जानेवारीत एचआरचे रविराज एक कागद पुढे करायचे, "मॅडम, इथे एक सही," आणि मॅडम गाड्यांची यादी तपासता तपासता सही ठोकून द्यायच्या. तुम्ही-आम्ही तरी कुठे वेगळं करतो?

त्या दिवशी कॅन्टीनच्या भागीबाई टेबलावर चहा ठेवून निघून गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

"पॅकिंगमधली आशा शनिवारी काम सोडून गावाकडं, पेठला चालली. तुमाला म्हाईत हाय का?"

वत्सलाताईंचा हात थांबला. आशा अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडेच आली होती. सुपरवायझर मनोज तिला खोकी आणायला मागच्या गोदामात एकटीला पाठवायचा आणि मागोमाग स्वतः जायचा. आधी नुसतं बोलणं होतं. मग एक दिवस त्याने तिला धरून जवळ ओढलं. ती हात सोडवून पळाली ती थेट वत्सलाताईंपुढे येऊन उभी राहिली. वत्सलाताईंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "दुर्लक्ष कर गं. एकटी जात जाऊ नकोस. आणि ओढणी नीट घेत जा." अगदी मायेने सांगितलं. मला राग येतो तो ह्याच मायेचा.

"मी तरी काय करणार, भागीबाई?" वत्सलाताई म्हणाल्या. "ती कंत्राटदाराकडची, कंपनीची नाही. कुणी पाहिलेलं नाही. आणि मनोज बायकामुलांचा माणूस, तसा वाटत नाही हो."

"वाटत नाय म्हनून तर फावतं त्याला! रोजचा, वळखीचा, काम लावून देणारा मानूस. पोरगी नाय म्हनली का हा दुसऱ्या दिवशी तिला गेटवरून माघारी धाडनार. अन् ओढणीचं काय काढलं तुमी? मी साठीला आले, पण त्या गोदामात एकटीनं जायला मलाबी भ्या वाटतं. तिथं एकच दार, आतलं बाहेर काय दिसत नाय, अन् मनोजला इचारनारं कोन नाय. धोका तिथं हाय, ओढणीत नाय."

वत्सलाताईंनी गाड्यांची यादी बाजूला ठेवली.

"अन् कंत्राटी बाईलाबी कामावरच्या छळाचा कायदा लागू हाय," भागीबाई पुढे म्हणाल्या. "शेवटचं घडलं तवापासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं. लिहिता येत नसंल तर तक्रार समितीनं मदत करायची. तिचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाय."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बोर्डानं! मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर ट्रे घेऊन उभी असते ना मी, मीटिंग संपंस्तोवर. सहावी शिकले हाय. तीन वर्षं तोच बोर्ड वाचते." भागीबाईंनी ट्रे काखेत मारला. "अध्यक्ष म्हनून तुमचंच नाव हाय की त्याच्यावर."

वत्सलाताई उठल्या. केबिनबाहेरच्या पॅसेजमध्ये, जिथे पॅकिंगच्या बायकांना यायची परवानगीच नव्हती, तिथे तो बोर्ड होता. 'अंतर्गत तक्रार समिती. अध्यक्ष: सौ. वत्सला गांगुर्डे.' खाली त्यांचाच मोबाइल नंबर, आणि बाहेरच्या सदस्य म्हणून एका वकीलबाईंचं नाव. म्हणजे ती पोरगी अगदी योग्य माणसाकडे आली होती! आणि त्या योग्य माणसाने तिला ओढणी नीट घ्यायला सांगितलं होतं.

त्या तडक रविराजांकडे गेल्या.

"अहो मॅडम, ते ऑडिटसाठी असतं, कागदोपत्री," रविराज हसले. "तीन वर्षांत एकही तक्रार नाही आपल्याकडे."

"एक आली होती. माझ्याकडे. मीच ती दाबली. समितीवरच्या बाहेरच्या सदस्य वकीलबाई आहेत ना, त्यांना आत्ता फोन लावा."

रविराजांचं हसू मावळलं. त्यांनी फोन लावला.

दुपारी आशा समोर येऊन बसली तेव्हा तिची नजर जमिनीवर होती. "मॅडम, माझं काय चुकलं आसंल तर..."

"चूक माझी झाली, आशा. मला माफ कर." वत्सलाताई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "त्याने तुला धरलं हा गुन्हा आहे. तुला पोलिसांत जायचं असेल तर कंपनीने मदत करायची, तसा कायदाच आहे. इथे तक्रार द्यायची असेल तर मी लिहून घेते. दोन्हीही करता येतं. ठरवायचं तू."

आशाने मान वर केली. "आधी इथं सांगते. बाकी मागून बघू."

वत्सलाताईंनी लिहिलं. आशाने ते दोनदा वाचून घेतलं, एक तारीख दुरुस्त करायला लावली आणि मगच सही केली. सही कशी करायची असते हे वत्सलाताई त्या दिवशी शिकल्या, वयाच्या पन्नाशीत.

चौकशी रीतसर झाली. ती चालू असेपर्यंत मनोजला पॅकिंगपासून लांब ठेवलं. त्याचंही म्हणणं ऐकून घेतलं. कुणी पाहिलं नव्हतं हे खरं, पण आणखी दोन बायका पुढे आल्या. त्यांनाही त्याच गोदामात, त्याच पद्धतीने गाठलं होतं. मनोजची नोकरी गेली. आशा पेठला गेली, पण सणाला, आणि परत कामावर आली. गोदामाच्या दाराला काच बसली, आत एकट्या माणसाला पाठवणं बंद झालं. बोर्ड आता बायकांच्या स्वच्छतागृहाशेजारी आहे. नव्या पोरींना तो वाचून दाखवायचं काम भागीबाईंनी आपणहून घेतलंय.

जानेवारीत रविराज तोच कागद, समितीचा वार्षिक अहवाल, घेऊन आले. वत्सलाताईंनी चष्मा लावला. आलेल्या तक्रारी, या रकान्यात त्यांनी 'एक' लिहिलं आणि खाली सही केली.

"शून्य असलेलं बरं दिसायचं, नाही का?" रविराज हळूच म्हणाले.

"शून्य होतं तेव्हाच तर ती पोरगी घरी निघाली होती!"

मंडळी, जिथे तक्रारींचा आकडा शून्य असतो तिथे आधी हे विचारा, की तक्रार कुठे करायची हे इथल्या बायकांना ठाऊक तरी आहे का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ही समिती असलीच पाहिजे. उद्या कामावर गेलात की तो बोर्ड शोधा आणि पूर्ण वाचा. कुणी सांगावं, त्यावर तुमचंच नाव असेल.